मिठाच्या जागी एक शब्द

माणसाआधी बैलाला राम राम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

घाटंजीहून यवतमाळकडे जाणाऱ्या सडकेवर, गाव संपता संपता त्यांचं सात एकर वावर होतं. वावराच्या कडेला विहीर, विहिरीशेजारी दगडी हौद, हौदावर भला मोठा कडुनिंब आणि निंबाखाली दोन खोल्या. एका खोलीत ते राहत, दुसरीत मी. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. वय चोवीस, नागपुरात शिकून आलेलो, धोतर सोडून पायजमा घालायला लागलेलो आणि मराठी शुद्ध बोलायला लागलेलो. हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गावात त्यांना नायकबा म्हणत. ते बंजारा, पण तांड्याचे खरे नायक वेगळेच होते. हे साधे शेतकरी. गावाला मात्र असा बारकावा मंजूर नव्हता. गावाच्या लेखी पांढऱ्या मिशांचा प्रत्येक बंजारा नायक होता. त्यांची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा दोन कोसांवरच्या तांड्यावर वडिलोपार्जित चार एकर कसत होता.

दिवाळी सरली की कापसाच्या गाड्या जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघत. पहाटेपासून सडकेवर रांग लागे ती थेट होळीपर्यंत. गाडी हौदापाशी आली की नायकबा उठत, गाडीवानाकडे ढुंकूनही न पाहता उजव्या बैलाजवळ जात आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणत, "राम राम, बाप्पा." मग डाव्याला. मग गाडीवानाला विचारत, "नाव काय याचं?"

पुष्कळांना सांगता येत नसे. एकदा एकजण म्हणाला, "बैलाचं नाव काय असते, नायकबा? बैल हाय."

"तुह्यं हाय ना नाव?"

"हाय ना."

"मंग तेच ठेवतो. तुह्यं नाव वाया जाऊन राह्यलं, याच्या तरी कामी येईन."

आणि खरोखर त्या मोसमात ते त्या बैलाला गाडीवानाच्या नावाने हाका मारत राहिले. मागचे गाडीवान हसून हसून बेजार होत. शेवटी त्या बिचाऱ्याने वैतागून बैलाचं नाव ठेवलं, आणि नायकबांनी लगेच ते मान्य केलं.

कंबरेला त्यांच्या एक कातडी पिशवी असे, तिच्यात खडे मीठ. खडा काढायचा, आधी आपण जिभेला लावायचा आणि मग बैलाच्या तोंडात द्यायचा. "आंधी आपुन चाखाचं, मंग दुसऱ्याले देयाचं," हा त्यांचा नियम. पाणी, मग मीठ, मग पुन्हा पाणी. तोवर गाडीवानाने आपली तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी, निंबाला टेकवून ठेवायची. हौदाजवळ तुतारी हातात चालत नसे. कुणी नजर चुकवून काठी तशीच हातात ठेवली तर नायकबा तिच्या टोकाची लोखंडी आर दगडावर वाकवून उपटून घेत. अशा उपटलेल्या आरांचा एक पत्र्याचा डबा त्यांच्या खोलीत होता. मी राहायला गेलो तेव्हा तो अर्धा भरलेला होता.

निंबाखालीच मोसमभर एक म्हातारे नालबंद बसत. सगळे त्यांना चाचा म्हणत. बैलाला आडवा पाडून त्याच्या खुरांना नाल ठोकण्यात त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. चाचा आणि नायकबा ही जोडी दिवसभर भांडत असे, आणि भांडण एकच: उजवा बैल हुशार की डावा. नायकबांनी चाचांकडून आपल्या वहाणांनाही बैलाचे नाल ठोकून घेतले होते. ते गावात निघाले की खणखण आवाज येई. माझ्या वर्गातली मुलं पाटीवरून मान वर करून म्हणत, "गुर्जी, तुमचा मालक आला." माझा जीव मेटाकुटीला येई.

खोलीचं भाडं ते पैशांत घेत नसत. भाडं होतं रोज वीस बादल्या पाणी. विहिरीतून शेंदायचं आणि हौदात ओतायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं म्हातारा थट्टा करतो आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी बादली माझ्या दाराशी आणून ठेवली. मी शिकलेला माणूस, सडकेवर पाणी ओढताना शाळेतलं कुणी पाहील या लाजेने उजाडायच्या आत वीस बादल्या उरकून मोकळा होई. नायकबा खाटेवर बसून मोजत. एकोणीसला मी थांबलो तर म्हणत, "एक बैल तहानला राह्यला, मास्तर."

त्यांचं बोलणं सुधारायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. मीही मूळचा कळंबकडचा. माझ्या घरीही मले-तुलेच चाले. पण नागपुरात वर्गमित्र त्यावरून हसले होते आणि ते हसू मी बरोबर घेऊन आलो होतो. "नायकबा, मले नाही, मला म्हणा," मी एकदा सांगितलं.

"काहून?"

"शुद्ध आहे ते."

त्यांनी विचार केल्यासारखं केलं. म्हणाले, "मले म्हटलं तरी बैल पाणी पेते. मला म्हटलं तरी पेते. तुह्या मास्तरकीत काही फरक पडत असन तं पडो."

पोळ्याच्या दिवशी सगळा गाव बैलांची पूजा करी, शिंगांना रंग, पाठीवर झूल, तोंडात पुरणपोळी. त्या दिवशी नायकबा कुणाशी बोलत नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "एक दिवस पोयी आन् सालभर तुतारी. मले नाही पाहावत."

धर्म या शब्दाचा तर त्यांना तिटकारा होता. एकदा गावातल्या एका देवळाची मंडळी जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला आली. "नायकबा, तुम्ही एवढा धर्म करता, देवाच्या कामाला हात लावा," असं त्यांतल्या एकाने गोड आवाजात म्हटलं. नायकबा म्हणाले, "तुमच्या देवापुढं नंदी हाय का?" मंडळी म्हणाली, आहे. त्यांनी पिशवीतून मिठाचा एक खडा काढला, जिभेला लावला आणि त्या गृहस्थाच्या हातावर ठेवला. "त्याले द्या. आन् म्या धरम करतो असं पुन्हा म्हणू नोका. धरम करनाऱ्याच्या एका हातात माळ राहते, दुसऱ्या हातात तुतारी. म्या पाह्यलं हाय."

मग ते धर्म नव्हतं तर काय होतं? हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीच एका दुपारी, निंबाखाली कुणी नसताना सांगितलं. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवरून मीठ वाहत. आगगाडी आली, तो धंदा बसला. पण आडरानातल्या गावांना त्यांचे वडील तरीही खेपा करत. अशाच एका खेपेत, ऐन उन्हाळ्यात, ज्वान नायकबांच्या हातातला बैल चढावर बसला. "पाठीवर दोन गोण्या लूण," ते म्हणाले. आपल्या बोलीतला मिठाचा शब्द त्यांच्या तोंडात एवढ्या एका गोष्टीपुरताच येई. "आन् जिभीले पाण्याचा थेंब नाही. म्या त्याले तुतारी मारली. एक डाव नाही, लय डाव मारली. तो उठला नाही. मंग त्याच्या पाठीवरलं लूण दुसऱ्यावर लादलं आन् म्होरं गेलो. मागं वळून पाह्यलं बी नाही." मग म्हणाले, "त्याले नाव होतं. मले ते आता याद येत नाही."

मी काहीतरी सांत्वनाचं बोललो असेन. शुद्ध मराठीत.

हिंदूंच्या वारसाहक्काचा नवा कायदा आल्याची बातमी मीच त्यांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवली. त्यांना त्यात एकच विचारायचं होतं: "म्या मेल्यावर हौद कोणाचा?" मी म्हटलं, मुलाचा. ते म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण मानूस आज हाय, उद्या नाही. कागद पायजे." मुलगा खरोखर चांगला होता. महिन्यातून एकदा ज्वारीचं पोतं घेऊन येई. बाप-लेक निंबाखाली बसत, सडकेवरचे बैल पाहत आणि घटकाभराने एक शब्दही न बोलता उठत.

मी त्यांना यवतमाळला एका वकिलांकडे घेऊन गेलो. वकील सज्जन होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. तांड्यावरचं वावर वडिलोपार्जित, त्यात मुलाचा जन्मापासून हक्क आहे. ते सगळंच्या सगळं दानात टाकता येणार नाही. सडकेवरचं मात्र तुम्ही स्वतः मिळवलेलं आहे; ते वारसांना डावलून कुणालाही, कशालाही देता येईल.

"म्हंजे बापाचं देता येत नाही, आपलं देता येते," नायकबा म्हणाले.

"बरोबर."

"कायदा शहाणा हाय बाप्पा. मले वाटलं सरकारनं केला म्हंजे कसा असन कोण जाणे."

वकील हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, एक लक्षात ठेवा. धर्मादाय देणगी असली तर मोघम लिहून चालत नाही. कशासाठी, कुठे, कोण पाहणार, स्वच्छ आलं पाहिजे. मी लिहून देऊ का?"

मी म्हटलं, "कशाला? मी लिहितो ना."

हे वाक्य मी किती ऐटीत म्हटलं होतं ते मला अजून आठवतं. ज्या गावात पत्र लिहून घ्यायलाही लोक माझ्याकडे येत, त्या गावात मृत्युपत्र दुसऱ्याने लिहावं?

त्या रविवारी नायकबांनी मजकूर सांगितला. चाचा शेजारी खुरं तासत बसले होते. नायकबा त्यांच्या पद्धतीने बोलले: मीठ, पाणी, हौद, निंब, तुतारी, मध्येच आणखी काहीबाही. मी कच्चं टिपण घेतलं. शेवटी ते बोट उगारून म्हणाले, "मास्तर, धरम-गिरम लिवू नोको. मीठ लिव. पाणी लिव."

"बरं," मी म्हटलं.

खोलीत येऊन मी पक्की प्रत करायला बसलो. चांगला जाड कागद आणला होता, नवी निब होती. टिपण वाचलं आणि मला त्याची लाज वाटली. मृत्युपत्रात, कोर्टात जाणाऱ्या कागदावर, बैलाला आधी पाणी मग मीठ असं लिहायचं? वाचणारा म्हणेल, हा कोण अडाणी मास्तर! आणि मी लिहिलं: "सदरहू स्वकष्टार्जित स्थावर मिळकत मी माझ्या पश्चात धर्मास अर्पण करीत आहे. तिची व्यवस्था नालबंद यांनी पाहावी." नायकबांचं दोन मिनिटांचं बोलणं दोन ओळींत बसलं. अक्षर तर असं आलं की मी कागद दूर धरून पुन्हा पुन्हा पाहिला. वकिलांचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. मला वाटलं, धर्म हा शब्द एवढा मोठा, त्यात मीठ-पाणी येणारच.

दुसऱ्या दिवशी अंगठा द्यायच्या वेळी दोन साक्षीदार आणि चाचा निंबाखाली जमले. नायकबा म्हणाले, "वाचून दाखव." मी कागद हातात घेतला आणि तेव्हा ध्यानात आलं की धर्म हा शब्द ऐकला तर म्हातारा उसळणार, पुन्हा लिहायला लावणार. एवढा सुंदर कागद वाया जाणार. मी कागदाकडे पाहत त्यांचं कालचं बोलणं आठवेल तसं म्हटलं. मीठ म्हटलं, पाणी म्हटलं, हौद म्हटलं. डोळे कागदावर आणि तोंडात भलतंच. नायकबा मान डोलवत होते. चाचा म्हणाले, "वा! मास्तर ने बराबर लिखा." मग नायकबांनी अंगठा उमटवला आणि मला मिठाचा एक खडा दिला. आधी स्वतः चाखून.

मी तो खाल्ला.

दोन वर्षांनी, कापसाच्या मोसमातच, ते गेले. सकाळी हौदाच्या कडेला बसलेले सापडले. मी त्या दिवशी वीसच्या जागी चाळीस बादल्या पाणी ओढलं आणि ओढताना रडलो. तोवर मला काहीच कळलेलं नव्हतं.

तेराव्यानंतर चाचांनी मृत्युपत्र वकिलांकडे दिलं. कागदातला मजकूर गावात पसरला, आणि पसरला तो असा: नायकबाने जमीन धर्माला दिली. त्याच देवळाची मंडळी, ज्यांच्या हातावर त्यांनी मिठाचा खडा ठेवला होता, ती पुढे आली. धर्माला म्हणजे देवळालाच की! मग एका मठाचाही माणूस आला. नायकबांच्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याने दोन-चार जणांकडून कागद वाचून घेतला. सगळ्यांनी एकच शब्द वाचला. चाचा त्याला सांगत होते, "बेटा, नमक-पानी के वास्ते है." लोक त्याला सांगत होते, चाचालाच जमीन गिळायची आहे. त्याने यवतमाळच्या कोर्टात हरकत घेतली.

मी वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी कागद माझ्यापुढे टाकला. "हे काय केलंत, मास्तर? विहिरीला देता येतं, पाणपोईला देता येतं, धर्मशाळेला देता येतं. नुसत्या धर्माला देता येत नाही. धर्म म्हणजे काय हे कोर्ट ठरवू शकत नाही, म्हणून असं दान कोर्ट राबवत नाही. हे फार जुनं ठरलेलं आहे. दान रद्द झालं की जमीन वारसाची." मग आवाज खाली आणून विचारलं, "म्हातारा हाच शब्द बोलला होता का? नसेल तर साक्षीत तसं सांगा. काही मार्ग निघतो का पाहू. निघेलच असं नाही. पण खरं सांगाल तरच."

मी म्हटलं, "आठवून पाहतो."

आठवायचं काय होतं? पण वाचताना एक आणि कागदात एक, हे सांगितलं तर लोक काय म्हणणार? बनावट कागद करणारा मास्तर. नोकरी जाईल, अब्रू जाईल. महिनाभर मी हाच विचार केला. हौदाचा विचार त्यात फारसा नव्हता, हेही आज लिहून टाकतो.

कोर्टात आधी चाचांची साक्ष झाली. दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता आणि दुसरा म्हणाला, मास्तर वाचत होते तेव्हा मी बैल धरून होतो. चाचा मात्र ताठ उभे राहून म्हणाले, "मास्तर ने पढा. नमक पढा, पानी पढा, हौद पढा. मैंने अपने कान से सुना."

मुलाच्या वकिलांनी कागद वर केला. "यात मीठ हा शब्द कुठे आहे ते दाखवा."

चाचांना वाचता येत नव्हतं. ते कागदाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं. कोर्टातले लोक हसले.

मग माझी पाळी आली. न्यायाधीशांनी कागद वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिलंत? भाषा चांगली आहे." आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. त्या पिंजऱ्यात, चाचा समोर उभे असताना, मला माझ्या मराठीची स्तुती ऐकून बरं वाटलं.

मुलाच्या वकिलांनी विचारलं, "मयताने सांगितलं तेच तुम्ही लिहिलंत का?"

"हो. शब्दशः."

"आणि लिहिलं तेच वाचून दाखवलंत?"

"हो."

दान रद्द झालं. जमीन मुलाला मिळाली. कोर्टाच्या पायऱ्यांवर चाचा मला गाठतील, शिव्या देतील, असं वाटलं होतं. ते हळूहळू उतरत आले, माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "मास्तर, तुम पढे-लिखे आदमी. मीच बहिरा झालो असन." त्यानंतर ते निंबाखाली बसले नाहीत. गावात त्यांना जमीन गिळायला निघालेला म्हातारा म्हणत, आणि मी ते ऐकत असे.

मुलाने वर्षभर हौद भरला. मग तांड्यावरून रोज येणं जमेना, म्हणून वावर विकलं. घेणाऱ्याने कुंपण घातलं आणि हौद फोडून त्याचे दगड घराच्या पायव्यात घातले. निंब तेवढा राहिला. मी गावात दुसरी खोली घेतली. तिचं भाडं पैशांत होतं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, एका हिवाळ्यात, मी त्या सडकेने पायी येत होतो. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग येत होती. पहिल्या गाडीचे बैल निंबापाशी आले आणि थांबले. गाडीवान उतरला. नायकबांचा मुलगा होता. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या आणि तो हुबेहूब बापासारखा दिसत होता. त्याने हातात तुतारी घेतली नव्हती.

"राम राम, मास्तर."

"राम राम. बैल थांबले का?"

"थांबतेच. हौद नाही तरी थांबते. घटकाभर उभे राह्यले का मंग आपल्या मनानं निंगते. बानं सवय लावली, आता कोण मोडन?" तो बैलाच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "मास्तर, एक गोष्ट पुसू का? लय वर्साची मनात हाय. बा मीठ-पाणी म्हणला नव्हता ना? चाचा म्हणत होते तसं."

मी पायजम्यावरची धूळ झटकायला लागलो.

"नाही, म्या कायले भांडलो, सांगतो. धरमाले देल्लं म्हटलं का म्या समजलो देवयवाल्यानं म्हाताऱ्याले फसवलं. बैलासाठी देल्लं असतं तं म्या काहून कोर्टात गेलो असतो? म्या बी त्याच हौदावर वाढलो. म्याच भरला असता जिंदगीभर. पण तुम्ही कोर्टात सांगतलं, बानं सांगतलं तेच लिवलं. मास्तर खोटं कायले बोलन? म्हटलं चाचाच खोटं बोलून राह्यला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तेच होतं ना, मास्तर?"

आता तरी सांगायचं होतं. कोर्ट नव्हतं, वकील नव्हता, कुणी हसणार नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "तेच होतं."

त्याने मोकळा श्वास सोडला. "मंग बरं. मले वाटे, म्या बापाचा शब्द मोडला." त्याचं ओझं उतरलं हे मला दिसलं. त्याला वाचवण्यासाठी मी खोटं बोललो, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खरं नाही. वाचवलं मी मलाच.

तेवढ्यात मागच्या गाडीचे बैलही निंबापाशी येऊन थांबले, त्यामागच्या गाडीचेही. ते गाडीवान घाईत होते. "आबे हट! इथं काय हाय?" असं ओरडत मागच्याने तुतारी खुपसली. बैल जागचा हलला नाही. त्याने पुन्हा खुपसली. बैलाने मान खाली घालून जिथे हौद होता तिथली माती हुंगली. मी तिथून निघून आलो.

ते कच्चं टिपण मी फाडलं नव्हतं. पेटीच्या तळाशी इतकी वर्षं होतं. चाचा गेले, नायकबांचा मुलगाही आता गेला. जे कागदावर यायला हवं होतं ते आज इथे उतरवतो आहे, एकही शब्द न सुधारता:

"तांड्याचं वावर माह्या बापाचं होतं, ते माह्या पोराचं हाय. त्याच्यात माहं काही म्हणणं नाही. सडकेचं वावर म्या घेतलं. त्याच्यात जे पिकन त्याचं मीठ घ्याचं आन् हौद भरून ठेवाचा. जो बैल येईन त्याले आंधी पाणी, मंग मीठ, मंग अजून पाणी. गाडीवानाची जात पुसाची नाही, बैलाचं नाव पुसाचं. तुतारी निंबाले टेकवाची. हे काम चाचानं पाहावं. चाचाच्या मागं माह्या पोरानं पाहावं, त्याले सांगाची गरज नाही, तो करते. मास्तर हाय तोवर त्याले खोलीतून काढाचं नाही. वीस बादल्या त्यानं भराव्या."